तुझा बेल्ट कोणता?

हॉस्टेलमध्ये कोणाला कळलं की आपण ज्युदो खेळतो, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "तुझा बेल्ट कोणता?" मेसच्या रांगेत हा प्रश्न येतो, लॅबबाहेर व्हायवाची वाट बघताना येतो, आणि एकदा तर रेक्टर मॅडमनी माझ्या गेट-पासवर सही करता करता विचारला. उत्तर ऐकलं की लगेच दुसरं वाक्यही ठरलेलं : "अरे बापरे, मग तुझ्याशी नीट वागायला हवं!"

मित्रांनो, या प्रश्नाचं माझं उत्तर गेल्या दोन वर्षांत तीनदा बदललंय. फर्स्ट इयरला मी सांगायचे "ब्राऊन". मग काही महिने सांगत होते "व्हाइट". आणि आज सांगते "ऑरेंज". म्हणजे मी आधी धाडकन खाली आले आणि आता हळूहळू वर चढतेय. बेल्ट असा उलटा कसा गेला, हे सगळ्यांना वेगवेगळं सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते. पण माझी गोष्ट कळायची तर आधी ही बेल्टची भानगड काय आहे ते कळायला हवं. तेव्हा थोडा इतिहास, थोडा हिशेब आणि शेवटी माझं खांद्याचं हाड, अशा क्रमाने जाऊ.

एक कबुली आधीच देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. आमच्या आर्णीकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे सिस्टर असोत की नसोत! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या संपादकांच्या खात्यावर टाकाव्यात ही विनंती.

हे सुरू कोणी केलं?

ज्युदोचे जनक जिगोरो कानो. जन्म १८६०. माणूस अंगाने लहानखुरा आणि पेशाने शिक्षक. १८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतल्या एशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आणि नऊ विद्यार्थ्यांना घेऊन आपली शाळा सुरू केली. तिचं नाव कोडोकान. जपानमधल्या जुन्या जुजुत्सूमधले धोकादायक प्रकार बाजूला काढून, पूर्ण ताकदीने सराव करता येईल असे डाव त्यांनी निवडले आणि त्याला ज्युदो हे नाव दिलं.

जुन्या जुजुत्सूच्या शाळांमध्ये बेल्ट नव्हते. गुरू शिष्याला एक गुंडाळी द्यायचा, परवान्यासारखी. ती मिळायला वर्षानुवर्षं लागायची आणि दोन गुंडाळ्यांच्या मध्ये आपण कुठवर आलो हे शिष्याला कळायचं नाही. कानो पुढे टोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे हाडाचे मास्तर. विद्यार्थ्याला मधेमधे एखादी पायरी दिसली नाही तर तो कंटाळून निघून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. (आपल्याकडे वर्षाची एक परीक्षा जाऊन सेमिस्टर आली त्यामागे साधारण हाच विचार असावा. फक्त सेमिस्टरमध्येही आपण शेवटच्या आठवड्यातच अभ्यास करतो ही गोष्ट वेगळी.)

मग कानोंनी पायऱ्यांची कल्पना घेतली कुठून? 'गो' या जपानी पटावरच्या खेळातून. आपल्या बुद्धिबळासारखा तो डोक्याचा खेळ. त्यात सतराव्या शतकापासून खेळाडूंना 'डॅन' म्हणजे पायरी देण्याची पद्धत होती. कानोंनी ती उचलली. १८८३ मध्ये त्यांनी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. पण बेल्टचा रंग मात्र तेव्हा बदलला नाही! डॅन मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायचा, ही रीत १८८६ च्या सुमारास आली.

कराटेवाले मित्र रागावतील, पण ब्लॅक बेल्ट हा मूळचा ज्युदोचा. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या शिष्यांना पहिले डॅन दिले ते १९२४ मध्ये, कानोंची पद्धत बघून.

क्यू आणि डॅन : एक उतरतो, एक चढतो

आता हिशेब. ज्युदोत दोन जिने आहेत. पहिला 'क्यू'चा, दुसरा 'डॅन'चा. क्यू म्हणजे इयत्ता. गंमत अशी की क्यूचे आकडे उतरत जातात, रॉकेट सोडताना मोजतात तसे. आपल्याकडे साधारणपणे असा क्रम असतो :

पांढरा – सहावा क्यू
पिवळा – पाचवा क्यू
नारिंगी – चौथा क्यू
हिरवा – तिसरा क्यू
निळा – दुसरा क्यू
तपकिरी – पहिला क्यू

त्यानंतर काळा, म्हणजे पहिला डॅन. इथून आकडे चढायला लागतात. पहिल्या डॅनपासून पाचव्यापर्यंत काळा पट्टा. सहाव्यापासून आठव्यापर्यंत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. नववा आणि दहावा डॅन असेल तर पूर्ण लाल. दहावा डॅन मिळालेली माणसं कोडोकानच्या सगळ्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पहिला दहावा डॅन मिळाला योशित्सुगू यामाशिता यांना. हे तेच, ज्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना व्हाइट हाऊसमध्ये ज्युदो शिकवलं होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या डॅनला जपानीत 'शोदान' म्हणतात. यातल्या 'शो'चा अर्थ 'सुरुवातीचा'. म्हणजे सिनेमात ज्याला बघून गुंड पळतात, त्या ब्लॅक बेल्टचा खरा अर्थ "आता याला मुळाक्षरं येतात, आता शिकवायला हरकत नाही" एवढाच! सहा इयत्ता मोजत शून्याकडे यायचं आणि मग एकपासून सुरुवात करायची. नियमित सराव केला तर इथवर यायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात.

आणि हे मधले रंग? पिवळा, नारिंगी, हिरवा हे जपानचे नाहीत. तिकडे मोठ्या माणसांना बराच काळ पांढरा आणि मग तपकिरी एवढंच. रंगांची ही शिडी युरोपात तयार झाली : १९२० च्या दशकात लंडनच्या बुडोक्वाई क्लबमध्ये, आणि १९३५ नंतर पॅरिसमध्ये मिकिनोसुके कावाइशी या शिक्षकाने ती रुजवली. युरोपातल्या विद्यार्थ्यांना लवकर लवकर काहीतरी हातात पडावंसं वाटायचं. त्यात गैर काही नाही, कानोंचाही हेतू तोच होता. पण "पट्टा कधीच धुवायचा नाही, मळून मळून तो पिवळ्याचा काळा होतो" ही जी गोष्ट सांगतात ती निव्वळ थाप आहे. पट्टा धुवा. रूममेट दुवा देतील.

परीक्षेत काय विचारतात?

पांढऱ्यावरून पिवळ्यावर जाताना सगळ्यात आधी बघतात ते पडणं. होय, पडणं! त्याला म्हणतात 'उकेमी'. मागे, बाजूला, पुढे आणि गोल लोळून. पाठ टेकायच्या क्षणी हाताने चटईवर सपकन आपटायचं, हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा. तळहात टेकून स्वतःला सावरायचं मात्र नाही. आपल्या डिपार्टमेंटच्या भाषेत सांगायचं तर सगळा लोड एका पॉइंटवर येऊ द्यायचा नाही, जास्तीत जास्त एरियावर पसरवायचा. फोर्स तोच, स्ट्रेस कमी. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये एवढं समजलं तरी उकेमी निम्मी समजली.

मग येतात फेकायचे डाव. कोडोकानने डावांचे पाच गट केलेत, त्यांना 'गोक्यो' म्हणतात. १९२० च्या यादीप्रमाणे प्रत्येक गटात आठ, म्हणजे एकूण चाळीस डाव. सोपे आधी, अवघड नंतर. त्याशिवाय जमिनीवर दाबून धरणं, आणि वरच्या बेल्टना गळा आवळणं व कोपर अडकवणं. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत 'काता' म्हणजे जोडीने ठरलेल्या क्रमाने डाव करून दाखवणंही असतं.

जोडीतल्या दोघांना नावं आहेत. फेकणारा 'तोरी' आणि फेकला जाणारा 'उके'. बाहेरून बघणाऱ्याचं लक्ष तोरीकडे असतं. पण उके नसेल तर ज्युदोच नाही. कोणीतरी आपलं शरीर आपल्या हातात देतं तेव्हाच आपण डाव शिकतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एकमेकांना वाकून नमस्कार करतात.

स्पर्धेत मात्र बेल्टला काडीची किंमत नाही. तिथे वजनगट असतात. मुलींचे ४८ किलोपासून ७८ च्या वरपर्यंत सात. एकीने पांढरा पोशाख घालायचा, दुसरीने निळा. चार मिनिटं. जोरात, वेगाने आणि ताब्यात ठेवून समोरच्याची पाठ टेकवली, किंवा वीस सेकंद दाबून धरलं, की 'इप्पॉन' आणि खेळ खलास. ऑरेंजने ब्राऊनला हरवलं तर कोणी हरकत घेत नाही.

या बाबतीत आपली कुस्ती सरळ आहे. आखाड्यात पट्टाच नाही! वस्ताद आणि पठ्ठे, बस्स. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ आणलं ते कुठल्या रंगाच्या जोरावर नाही. कुस्तीत मान मिळतो तो मातीत समोरच्याला चीत केल्यावर. ज्युदोत मात्र जिंकणं वेगळं आणि बेल्ट वेगळा. मग बेल्ट नेमका कशासाठी? हे मला पुस्तकातून कळलं नाही. त्याकडे येतेच.

भारतात आणि आपल्याकडे

ज्युदो आपल्याकडे काल-परवा आला असं वाटतं, पण तसं नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्येच जिन्नोसुके सानो यांना आणि १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावलं होतं. ताकागाकींच्या वर्गात मुलीही होत्या. साडी नेसणाऱ्या त्या मुलींनी शंभर वर्षांपूर्वी पडायचं कसं ते शिकून घेतलं!

आपल्या विदर्भाचाही एक धागा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये कानोही होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे ते आशियातले पहिले सभासद, आणि १९४० चं ऑलिंपिक टोकियोला मिळावं म्हणून झटत होते. ते मिळालंही, पण युद्धामुळे झालं नाही. ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तो १९६४ ला टोकियोतच, कानो गेल्यानंतर सव्वीस वर्षांनी. मुलींना पदकासाठी खेळायला मिळालं ते आणखी उशिरा, १९९२ मध्ये बार्सिलोनाला. त्याच बार्सिलोनात मुंबईचे कावस बिलिमोरिया भारतातर्फे हेवीवेट गटात उतरले होते. आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमारने दृष्टिबाधितांच्या ज्युदोत ब्राँझ मिळवलं. या प्रकारात खेळ सुरूच होतो एकमेकांचा पोशाख हातात धरून. समोरच्याच्या बेल्टचा रंग तिथे दिसण्याचा प्रश्नच नाही.

पट्टा देणारा कोण?

बेल्ट कोणाला मिळतो याइतकंच, तो कोण देतो हेही महत्त्वाचं. याचं एक उदाहरण मला फार लागलं. केइको फुकुदा. कानोंच्या स्वतःच्या एका गुरूंची ही नात. १९३५ मध्ये ती ज्युदो शिकू लागली. उंची पाच फुटांहून कमी. १९५३ मध्ये तिला पाचवा डॅन मिळाला आणि तिथेच ती अडकली, कारण बाईला पाचव्याच्या वर द्यायचं नाही असा कोडोकानचा नियमच होता. ती शिकवत राहिली, अमेरिकेत गेली. लोकांनी पत्रं लिहून नियमाविरुद्ध आवाज उठवला तेव्हा १९७२ मध्ये सहावा मिळाला. नववा मिळाला २००६ मध्ये आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या संघटनेने तिला दहावा दिला. तेव्हा तिचं वय ९८! २०१३ मध्ये ती गेली. एकोणीस वर्षं तिला जे येत होतं ते तिच्या बेल्टवर दिसत नव्हतं.

तिच्या बाबतीत बेल्ट कमी सांगत होता. माझ्या बाबतीत जास्त सांगत होता. दोन्ही खोटंच.

माझं खांद्याचं हाड

पाचवीपासून मी आमच्या भागातल्या एका क्लासला जायचे. बोर्डवर तीन-चार खेळांची नावं एकाखाली एक लिहिलेली होती, त्यात ज्युदो होतं. जागा म्हणजे सिमेंटचं मैदान. मॅट नव्हतीच. आता सिमेंटवर कोणी कोणाला फेकेल का? म्हणून डाव अर्ध्यावर थांबवायचे : कमरेत घ्यायचं, उचलल्यासारखं करायचं, सोडून द्यायचं. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, बेल्टची वेगळी, सर्टिफिकेटची वेगळी. नापास झालेलं मी कोणी पाहिलं नाही. आठवीत माझ्या कमरेला ब्राऊन बेल्ट आला. बाबांनी फोटो काढला, फ्रेम केली आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावली. आमचं कृषी केंद्र आहे : बियाणं, खत, औषधं. येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ती फ्रेम दिसायची.

इथे आल्यावर स्पोर्ट्सच्या सरांनी विचारलं, "आधी खेळलीस?" मी ताठ मानेने सांगितलं, "ब्राऊन बेल्ट, सर." "उकेमी येते ना नीट?" "येस सर." मला खरंच वाटत होतं की येते.

तिसऱ्या दिवशी सराव. माझ्यासमोर थर्ड इयरची एक ताई, निळा बेल्ट. तिने माझ्या पट्ट्याकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्याच मिनिटाला इप्पॉन सेओई-नागे मारला, म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव. डाव स्वच्छ होता. चूक माझी झाली. हवेत असताना मी घाबरले आणि डावा हात ताणून जमिनीला लावला. कट्ट असा आवाज आला. तो मी ऐकला तसा तिनेही ऐकला.

डाव्या बाजूचं कॉलरबोन. सहा आठवडे पाठीवर पट्टा. (या पट्ट्याचा रंग स्किन कलर, परीक्षा न देता मिळतो!) ड्रॉइंगच्या शीट माझी रूममेट टी-स्क्वेअर धरून बसायची तेव्हा पूर्ण व्हायच्या. ती ताई रोज संध्याकाळी मेसचा डबा घेऊन रूमवर यायची. चौथ्या दिवशी ती रडायलाच लागली. म्हणाली, "अगं, मी तुझा बेल्ट बघून टाकलं. व्हाइट असती तर बाही धरून हळूच उतरवलं असतं. मला वाटलं, हिला पडता येतं."

मला तेव्हा कळलं बेल्ट कशासाठी असतो. तो आपल्या कौतुकासाठी नसतोच मुळी. तो समोरच्यासाठी असतो. मला किती जोरात टाकलं तर चालेल, माझ्यावर कोणता डाव करायचा, मला कुठे सांभाळायचं, हे अनोळखी माणसाला न विचारता कळावं म्हणून तो कमरेला बाहेरून बांधतात. माझा बेल्ट त्या ताईशी खोटं बोलला होता. हाड माझं मोडलं, पण फसवणूक दोघींची झाली. तिच्या चांगल्या डावाला आयुष्यभर एका कट्ट आवाजाची आठवण चिकटली.

बाबांचं दुकान

दिवाळीला गळ्यात हात घेऊन आर्णीला गेले. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी. ती फ्रेम तिथेच होती. क्लासला भरलेली फी मला माहीत होती, आणि कोणत्या वर्षी कापसाला काय भाव होता तेही माहीत होतं. त्यामुळे बाबांना सांगायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना सगळं सांगितलं.

मला वाटलं ते चिडतील, क्लासवर किंवा माझ्यावर. ते काही बोलले नाहीत. एक हरभऱ्याची पिशवी ओढली आणि तिला शिवलेला टॅग दाखवला. बियाण्याच्या पिशव्यांनाही रंग असतात हे मी लहानपणापासून बघत आले, पण विचार कधी केला नव्हता. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. अगदी आमच्या बेल्टसारखंच!

बाबा म्हणाले, "टॅग काहाले असते, माहीत हाय का? शेतकरी पिशवीतला दाना दाना पाहू शकत नाई. थो टॅग पायते अन् पेरते. टॅग खोटा निघाला त बियाण्याचे पैसे जातात थे जातातच, पण हंगाम जाते. हंगाम कोणी वापस देत नाई."

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या दुकानापुढेही माणसं येऊन उभी राहिली होती. बाबांनी टॅग बघूनच माल विकला होता, आणि त्यातल्याच दोन पिशव्या आमच्या स्वतःच्या वावरात पेरल्या होत्या. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नसत. तेव्हापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतात : टॅग पाहा, पण घरी तपासून पेरा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, सात-आठ दिवसांनी उघडून मोजायचे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर पेरायचं.

मग ते स्टुलावर चढले, फ्रेम काढली, मागच्या खोलीत नेऊन ठेवली. खाली उतरल्यावर एवढंच विचारलं, "आता पांढऱ्यापासून करशील का सोडून देशील?"

घरची तपासणी

हाड जुळल्यावर मी सरांकडे गेले आणि पांढरा पट्टा मागितला. सरांनी दोन महिने मला एकही डाव शिकवला नाही. रोज पन्नास वेळा पडणं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. माझ्याबरोबर फर्स्ट इयरच्या मुली होत्या, त्या फिदीफिदी हसायच्या, मीही हसायचे. आत मात्र कुठेतरी लागायचं, खोटं कशाला बोलू? पिवळ्याची परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक आले होते. पहिल्या वेळी त्यांनी मला नापास केलं, उजवीकडचं पडणं कच्चं आहे म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा बेल्टच्या परीक्षेत नापास झाले आणि मला चक्क बरं वाटलं. नापास करता येतं, म्हणजे इथल्या पासला काहीतरी अर्थ आहे!

तर मित्रांनो, तुमच्या लहान भाऊ-बहिणीला कोणी क्लासला घालत असेल तर बाबांच्या गोणपाटासारखी एक तपासणी सांगते. मॅट आहे का ते बघा. नसेल तर फेकायचे डाव शिकवणं शक्यच नाही. पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात का ते बघा. फी घेणारा आणि परीक्षा घेणारा एकच आहे का, की जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघटनेकडून परीक्षक येतात, ते विचारा. आणि सगळ्यात सोपा प्रश्न : "इथे कोणी नापास होतं का?" उत्तर "कोणीच नाही" असं अभिमानाने आलं, तर पैसे वाचवा. क्रीडा गुणांसाठी म्हणून बेल्टचं सर्टिफिकेट जपून ठेवणाऱ्यांनाही सांगते : ते गुण मान्य स्पर्धांमधल्या कामगिरीचे असतात, पट्ट्याच्या रंगाचे नाही.

आणि हे फक्त ज्युदोचं आहे का? आपण इथे चार वर्षांनी एक डिग्री घेऊन बाहेर पडणार. कोणीतरी त्या कागदाकडे बघून आपल्या हातात पूल देईल, बॉयलर देईल, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर देईल. प्रॅक्टिकलच्या फाइल आपण कशा लिहितो, हे मला सांगायला नको. मीही लिहिल्यात तशा. पण हल्ली दुसऱ्याची रीडिंग उतरवताना मला तो कट्ट आवाज ऐकू येतो, आणि हात थोडा थांबतो. नेहमी थांबतो असं नाही. थोडा थांबतो.

त्या ताई पास आऊट होऊन गेल्या. जायच्या आधी एकदा त्यांच्याशी पुन्हा सराव केला. त्यांनी माझ्या पिवळ्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "टाका ताई, आता येतं." त्यांनी तोच डाव मारला. चटईवर सपकन हात आपटला, आणि मी हसत उठले. त्या मात्र जरा वेळ तिथेच उभ्या होत्या.

सध्या मी ऑरेंज आहे. हिरव्याची परीक्षा पुढच्या टर्मला. कोणाला सकाळी साडेपाचला जिमखान्यात पडायला शिकायचं असेल तर जरूर या, मुलींना आणि मुलांना दोघांनाही जागा आहे. पट्टा नसला तरी चालेल.

आणि तो जुना ब्राऊन बेल्ट? कापड एकदम मजबूत आहे हो. सुट्टीत घरी जाताना मी त्याने गादी बांधते.